शेटजीच्या गाडीचं चौथं चाक

माझ्या दुकानात भिंतीवर एका खिळ्याला अर्धं चाक टांगलेलं आहे. जुन्या विलायती मोटारीचं, अल्युमिनियमचं. येणारा प्रत्येक जण विचारतो, मिस्त्री, हे भंगारात काऊन नाई टाकत? मी उत्तर देत नाही. ज्याला ते चाक समोर असून दिसत नाही, त्याला तोंडाने सांगून काय दिसणार? पण आता माझी नजर अधू झाली, दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं, आणि त्या चाकाची जी गोष्ट वर्ध्यात फिरते ती धडधडीत खोटी आहे. म्हणून लिहितो. शाळा माझी तिसरीपर्यंत झाली. ओळी वाकड्या जातात. जाऊ द्या. मी जन्मभर चाकं सरळ केली, ओळी सरळ करायचा धंदा दुसऱ्यांचा.

आमचं गाव आंजी. माझा बाप बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचा. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवती बसतो तो लोखंडी पट्टा. गोवऱ्या रचून त्यात तो तापवायचा, लाल झाला की चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायचा आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आखडतं आणि लाकडाला असं आवळून धरतं की पुढची कित्येक वर्षं सुटायचं नाव नाही. यात सगळा खेळ रंगाचा. बाप आगीपासून पाच हात लांब उभा राहून नुसत्या रंगावरून सांगायचा, आता नाई, आता नाई, उचला. मी त्याच्याकडून रंग शिकलो. काळं, जांभळं, विटकरी, मग पळसाच्या फुलासारखं. लोखंडाला किती ताप चढला ते लोखंड स्वतः सांगतं. ही माझी शाळा. दुसऱ्या शाळेत मास्तर काय शिकवत होता ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून माझं काही अडलंही नाही.

गाड्यांना रबराची चाकं आली तसा मी वर्ध्याला आर्वी नाक्यावर दुकान टाकलं. ट्रकचे, जीपचे, ट्रॅक्टरचे वाकलेले लोखंडी रिम सरळ करायचे. तापवा, ठोका, तपासा. नाक्यावर माझ्यासारखा हात कोणाचा नव्हता. हे मी म्हणतो, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं नाही तरी ते खरंच आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट असेल. हिंगणघाटचे एक वकील आपल्या वडिलांच्या जुन्या मोटारीचं चाक घेऊन आले. ॲलॉयचं चाक मी तोवर हाताळलं नव्हतं. उचललं तर एकदम हलकं. दुकानात चार-पाच जण चहा पीत बसले होते, त्यांच्यासमोर मी म्हणालो, हे तर जर्मनचं पातेलं आहे, वकीलसाहेब, यावर मोटार चालवता का भात रांधता? आमच्याकडे अल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. सगळे हसले, वकीलही हसले. चाकाची कड एका जागी आत दबली होती. बसा, म्हटलं, अर्ध्या तासात देतो.

गॅसची बत्ती पेटवून कडेवर धरली. आता लाल होईल, मग होईल. चाक जसं चांदीसारखं होतं तसंच. मी ज्योत वाढवली. रंग बदलेना. गॅस खराब आला असेल म्हणून गॅसवाल्याला दोन शिव्या दिल्या आणि आणखी वाढवली. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती कड, रंग न बदलता, आवाज न करता, उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखी खाली लोंबली. तिचा एक गोळा माझ्या पायापाशी टपकला. चहा पिणाऱ्यांनी पाय आखडून घेतले.

लाल होणं त्या धातूच्या नशिबातच नाही. वितळेपर्यंत तो तोंड उघडत नाही. मला हे माहीत नव्हतं. माझ्या बापालाही माहीत नसणार. पण वकिलांना मी काय सांगितलं? सांगितलं की तुमचं चाक डुप्लिकेट आहे, आत भेसळ आहे, कोणीतरी तुम्हाला फसवलं. वकिलांनी मानलं. काळा कोट घालून रोज लोकांचं खोटं पकडणारा माणूस, माझं पकडू शकला नाही. जाताना उलट मलाच नमस्कार करून गेला. त्याची मला तेव्हा कीव आली. हे खोटं मी आजवर कोणापाशी कबूल केलेलं नाही. या कागदावर पहिल्यांदा करतो.

त्यानंतर काही दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. धातू मला हरवतो म्हणजे काय? आंजीच्या बाजारात गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला एक बाई फुटकी, पोचकी भांडी नीट करत बसलेली दिसली. गावोगाव फिरणारी. तिच्या हातात जर्मनचं पोचलेलं पातेलं होतं. तिने कपडे धुवायच्या साबणाची वडी त्या पातेल्याच्या बुडाला घासली, एक पट्टा ओढला, आणि पातेलं आगीवर धरलं. मी शेजारच्या मिरच्यांचा भाव विचारत उभा राहिलो. साबणाचा पट्टा आधी पिवळा झाला, मग बदामी, मग तपकिरी. तिने पातेलं उतरवलं आणि लाकडी मोगरीने आतून हळूहळू पोचा काढला. लोण्यासारखा निघाला.

मिरच्या घेऊन झाल्या होत्या. जाववेना. शेवटी विचारलं, "बाई, लाल काऊन नाई होऊ देत?"

तिने वर पाहिलं. "लाल होईन म्हणून बसलं त पातेलं चुलीत वाहून जाईन, भाऊ. याले बोलता येत नाई. साबणाले इचारा लागते." मग माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, "तुमी लोहाराचे का जी?"

मी नाही म्हटलं. माझ्या बापाच्या हयातीत, त्याच्याच गावच्या बाजारात, मी नाही म्हटलं आणि मिरच्या घेऊन निघालो. नंतर ती बाई मला कुठे भेटली नाही. वर्ध्यात कोणी विचारलं की हे तुम्ही कुठे शिकले, तर मी सांगायचो, माझं डोकं चालते. डोकं माझं चालतंच, पण साबण तिचा.

मग मी भंगारवाल्याकडून फुटकीतुटकी अल्युमिनियमची चाकं आणली आणि वर्षभर त्यांच्यावर हात बसवला. भांड्याला तपकिरी चालतं, चाकाला नाही. चाकाचा साबण बदामी झाला की बत्ती बाजूला करायची. काळा झाला तर समजायचं की आपण चाकाची ताकद जाळली, ते वरून कितीही छान दिसो. घण मारायचा नाही. बाभळीच्या लाकडाचा ठोकळा कडेला लावायचा आणि जॅकने हळूहळू दाब द्यायचा, केसभर सरकलं की थांबायचं, पुन्हा साबण, पुन्हा दाब. दुपार जाते. पाणी मारून थंड करायचं नाही, पडू द्यायचं सावलीत. बापाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, हे काम आहे का बाळंतपण?

आणि या सगळ्याच्या आधी तपासणी. टायर काढायचा तर पहिल्यांदा सगळी हवा सोडायची, हे सांगायची गोष्ट नाही, पण सांगावी लागते, कारण घाई करणारे आपली बोटं गमावून बसलेले मी पाहिले आहेत. मग चाक धुवायचं, रंग खरवडायचा, आणि सगळीकडे ब्रशने घासलेट लावायचं. एक चहा होईपर्यंत तसंच ठेवायचं. मग कोरड्या फडक्याने असं पुसायचं की घासलेटाचा थेंब राहता कामा नये, आणि वरून पांढऱ्या खडूची पूड चोळायची. मग लाकडाने हलके हलके ठोके द्यायचे. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट बाहेर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. केसाएवढा बारीक तडासुद्धा लपत नाही. शाळेतल्या खडूचा मला एवढाच उपयोग झाला, पण मास्तरला झाला त्यापेक्षा जास्त झाला.

हे सगळं कोण करतं? कोणी नाही. बसस्टँडच्या मागे एक वेल्डिंगवाला होता. भिंतीवर काचेत सर्टिफिकेट, त्याला हार. हा माणूस चाक हातात आलं की आधी वरून धातूची पट्टी लावायचा. फुटकं असो, वाकडं असो, वेल्डिंगचा लोळा, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं, चांदीचा रंग मारायचा. गिऱ्हाईक आरशात तोंड पाहावं तसं त्या चाकात पाहायचं आणि खूश व्हायचं. लोकांना चाक नको असतं, चकाकी पाहिजे असते. ती त्याच्याकडे होती. माझ्याकडून चाक जायचं ते बिनरंगाचं, खडबडीत. मी सांगायचो, महिनाभर असंच चालवा, मग पुन्हा दाखवा, तडा निघाला नाही तर रंग मारा. लोकांना ते घाण वाटायचं. वाटू दे.

आता शेटजी. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शहरात त्यांचं कापडाचं मोठं दुकान. त्यांच्या वडिलांनी नागपूरच्या कोण्या साहेबाकडून एक विलायती मोटार घेतली होती. ती घरामागच्या टिनाखाली चादर पांघरून उभी असायची, दसऱ्याला बाहेर निघायची, झेंडूचे हार घालून घेऊन पुन्हा आत जायची. तिला चार ॲलॉयची चाकं. शेटजींना खूप वर्षांनी नातू झाला. नवस होता की नातवाला आजोबाच्या बापाच्या मोटारीतून गिरडला नेऊन टेकडीवरच्या दर्ग्यात चादर चढवायची. दसरा झाला की जायचं ठरलं. म्हणून मोटार आधी थोडी चालवून पाहायला काढली, आणि पवनारच्या पुलाच्या अलीकडे एका खड्ड्यात तिचं पुढचं डावं चाक असं आदळलं की शेटजींच्या ड्रायव्हरला वाटलं, एक्सलच गेला.

ड्रायव्हरने चारही चाकं रिक्षात घालून माझ्याकडे आणली. हा माणूस समुद्रपूरकडचा, जंगलाच्या कडेच्या गावचा. घरी गोंडी बोलायचा, मोटारीशीही बहुतेक गोंडीच बोलत असावा, कारण ती दुसऱ्या कोणाचं ऐकायची नाही. शेटजींकडे वीस वर्षं. कमी बोलायचा. त्यामुळे मला तो आवडायचा.

तीन चाकं आधीच्या खड्ड्यांनी वाकडी होती पण साजी होती, तडा कुठे नव्हता. एकेक करून ती सरळ केली. गाडीच्या जुन्या हबवर, म्हणजे ज्याच्यावर चाक नटांनी बसतं त्या तबकडीवर, बसवून फिरवली, शेजारी एक तार रोवून, तारेच्या टोकापाशी कड किती हलते ते पाहत बसलो. केसभर. मग टायर चढवून लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरली, मी बाजूला उभा राहून. समोर बसून हवा भरणारे शूर लोक वेगळे.

चौथं चाक, पुढचं डावं, घासलेट लावून, पुसून, खडू चोळून ठेवलं. लाकडाचे चार ठोके दिले. नटाच्या एका भोकापासून काळी रेघ निघाली आणि आऱ्याच्या बुडापर्यंत गेली. बोटाच्या एका पेराएवढी. मी फडक्याने पुसून पुन्हा केलं. पुन्हा तीच रेघ, तिथेच.

मी ड्रायव्हरला सांगितलं, हे चाक मेलं. चाकाच्या कडेला आतून बारीक तडा असता तर मीच म्हटलं असतं, नागपूरला आर्गन गॅसने वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या, तिथे जाणते लोक आहेत. पण सगळी गाडी ज्या नटांवर टांगलेली असते त्या नटापासून निघालेला तडा कोणी शिवू नये. वरून टाका दिसतो, खाली तडा आपल्या वाटेने चालत राहतो. तुमच्या डिक्कीत लोखंडी चाक आहे ना? होतं. कधीतरी कोणीतरी बसवून ठेवलेलं, काळं, साधं, त्याचे वेगळे नटही डब्यात होते. तेही आणवून तपासलं. ठणठणीत. म्हटलं, हे लावा आणि जा गिरडला.

दुसऱ्या दिवशी शेटजी स्वतः आले. माझ्या स्टुलावर आधी रुमाल अंथरला, मग बसले. तडा दाखवला. ते म्हणाले, "मिस्त्री, इतनी सी लकीर. इसके लिए चाक फेकून देऊ?" मी लोखंडी चाक दाखवलं. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं लग्नाच्या पंगतीत कोणी अनवाणी येऊन बसलं आहे. तीन चांदीची आणि एक काळं, असं घेऊन मी नातवाला नेऊ? सगळा परिवार येणार, फोटोवाला बोलावला आहे. बसस्टँडवाल्याला विचारलं, तो म्हणतो एका दिवसात वेल्डिंग करून, रंगवून देतो, कोणाला ओळखू येणार नाही. मी म्हटलं, हेच तर. तडा आत वाढतो आहे, हे तुम्हालाही ओळखू येणार नाही. त्यांना ते कळलं नाही. कापडवाल्याला वरची बाजू कळते, कारण त्याचा धंदाच वरच्या बाजूचा. उद्या चाक न्यायला माणूस पाठवतो म्हणून गेले. रुमाल उचलून झटकायला विसरले नाहीत.

त्याच दुपारी ड्रायव्हर आला. एकटाच, पायी. बराच वेळ लोखंडी चाकावर हात ठेवून बसला. मी काम करत होतो.

मग म्हणाला, "टेकडीचा रस्ता मले माहीत हाय, मिस्त्रीभाऊ. आमच्या तिकडचाच हाय. एका बाजूनं उतार." थोडं थांबून, "सूनबाई लेकरू मांडीवर घेऊन मागं बसन. शेटजीले मी नाई म्हणू शकत नाई. वीस वर्सं झाले. तुमी म्हना."

"म्या म्हटलं ना गा त्याले. त्याच्या कानात रुई हाय."

"मंग आनखी म्हना."

एवढं बोलून तो गेला. मला त्याचा राग आला. ज्याच्या हातात स्टेअरिंग आहे त्याने म्हणू नये, आणि मी म्हणावं? हे दुनियेचं नेहमीचं. पण त्याच दुपारी, तो गेल्यावर, ते चाक पुन्हा खडू लावून पाहिलं. रेघ होती तिथेच होती. मला वकिलाचं चाक आठवलं. तेव्हा माझं चुकलं आणि मी चाकाला खोटं म्हटलं. आता चाक खरं बोलत होतं, आणि मी ते गुपचूप बसस्टँडच्या मागे पाठवून दिलं तर तेही खोटंच झालं असतं. फरक एवढाच की त्या वेळी फक्त वकिलाचं नुकसान झालं.

सकाळी शेटजी माणूस पाठवणार होते, पण आले स्वतःच. बहुतेक मी चाक देणार नाही असं त्यांना वाटलं असावं. ड्रायव्हर मागे उभा. नाक्यावरचे नेहमीचे चहावाले, पानवाले जमा झाले. तमाशा असेल तिथे यांना चपला घालायलाही वेळ लागत नाही.

शेटजी म्हणाले, "चाक दे मिस्त्री. तुझं ज्ञान तुझ्यापाशी ठेव."

मी म्हटलं, घ्या. चाक उचललं, ऐरणीवर आडवं ठेवलं, बापाचा घण कोपऱ्यातून काढला. लोकांना वाटलं मी काही ठोकून सरळ करतो आहे. पहिला घाव भोकाच्या बाजूला. दुसरा तिथेच. साजं चाक असतं तर पोचलं असतं, वाकलं असतं, घण उडवून टाकला असता. तिसऱ्या घावाला ते मातीच्या परळासारखं दोन तुकडे होऊन पडलं. आवाजही धड झाला नाही.

 शेटजी हळूच म्हणाले, "हे तू कोणाचं चाक फोडलं?"

"तुमचंच. तुमच्या नातवाच्या बुडाखालचं."

मी अर्धा तुकडा उचलून त्यांच्यासमोर धरला. तुटलेली बाजू वर. चाक आता तुटलं तिथे धातू नव्या साखरेसारखा पांढरा, खडबडीत दिसत होता. पण तेवढी जागा बोटाएवढीच होती. बाकीचं सगळं काळं. वर्षानुवर्षं आत शिरलेलं तेल, ब्रेकची धूळ, जुन्या रस्त्यांचा चिखल. बाहेरून पेरभर दिसणारी रेघ आतून चाकाचा जवळजवळ सगळा मधला भाग खाऊन बसली होती. ती खड्ड्यात पडून झालेली नव्हती. मोटार टिनाखाली चादर पांघरून उभी होती, हार घालून घेत होती, तेव्हापासून ती होती. जोडून धरलं होतं ते त्या बोटभर पांढऱ्याने.

"हे पांढरं आत्ता तुटलं, माह्या घणानं," मी म्हटलं. "हे काळं तुमच्या घरचं हाय."

शेटजींनी बोट लावलं. काळं बोटाला आलं. ते त्यांनी आपल्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलं, बहुतेक लक्षात न येता. मग म्हणाले, "असं सांगायचं होतं ना."

"तीन दिवस काय करून राह्यलो होतो मी?"

शेटजी गाडीत बसले, दुसऱ्या गाडीत, आणि गेले. ड्रायव्हर मागे राहिला. त्याने तो तुकडा माझ्या हातातून घेतला, काळ्या भागावर नखाने एक रेघ ओढली, नखाकडे पाहिलं, आणि तुकडा परत दिला. मग लोखंडी चाक आणि त्याच्या नटांचा डबा उचलला.

"हे मी बसवतो," तो म्हणाला. शेटजीला विचारलं नाही, मलाही नाही.

मोटार गिरडला गेली, टेकडी चढली, चादर चढली, परत आली. तीन चांदीची आणि एक काळं. लेकराला काही झालं नाही. ज्याला काही होत नाही त्याची बातमी होत नाही, त्यामुळे नाक्यावरच्या लोकांना बोलायला दुसरं काहीतरी पाहिजे होतं. त्यांनी ठरवलं की मिस्त्रीने चाक तापवून बिघडवलं आणि ते झाकायला फोडलं. बसस्टँडवाल्याने ही गोष्ट आपल्या सर्टिफिकेटाखाली बसून रोज सांगितली. त्या दिवशी माझ्या दुकानात उभे राहून काळं आणि पांढरं डोळ्यांनी पाहिलेले लोकही तीच सांगायला लागले. कापडवाल्यांच्या, किराणेवाल्यांच्या मोटारी वर्षभर माझ्याकडे आल्या नाहीत. ट्रकवाले येत राहिले. ट्रकवाल्याला घरी परत जायचं असतं.

मजा अशी की वकिलाच्या चाकाबद्दल कोणी हीच गोष्ट सांगितली असती तर मला तोंड वर करता आलं नसतं. ती खरी होती. ती कोणाला सुचली नाही. लोकांना खोटंही नीट जागी ठेवता येत नाही.

फोटोचं मला ड्रायव्हरने सांगितलं. टेकडीखाली फोटोवाला उभा होता, तेव्हा शेटजींनी त्याला मोटार दोनदा मागेपुढे घ्यायला लावली आणि उजवी बाजू समोर येईल अशी उभी करवली.

चार-पाच वर्षांनी मला सदऱ्याचं कापड पाहिजे होतं. वर्ध्यात कापडाची दुकानं पुष्कळ आहेत, पण मी मुद्दाम तिथेच गेलो. माझ्या पायांना कोणती मनाई होती? शेटजी गादीवर बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला तो फोटो, मोठा करून, चौकटीत. हार घातलेली मोटार, सूनबाईच्या मांडीवर टोपी घातलेलं लेकरू, शेटजी दाराला हात लावून उभे. ड्रायव्हर स्टेअरिंगवर, समोर पाहत. उजवीकडची दोन्ही चाकं लख्ख, नंतर चांदीचा रंग मारून घेतलेली. ती दोन्ही मी सरळ केली होती. पलीकडचं काळं चाक, ज्याच्या जोरावर ते सगळे सुखरूप होते, ते दिसत नव्हतं.

मी फोटोकडे पाहत राहिलो. शेटजींनी मला पाहताना पाहिलं.  नोकर माझं कापड मोजत होता. शेटजी त्याला म्हणाले, "मिस्त्रीले बोटभर जादा दे."

मी म्हटलं, "मोजून दे. बरोबर."

नोकराने शेटजीकडे पाहिलं. शेटजींनी मान हलवली. त्याने पट्टी पुन्हा लावली आणि खुणेवर कात्री चालवली. मी घडी काखेत घातली आणि नाक्यावर आलो. दुकान उघडलं, भिंतीवरचा तुकडा फडक्याने पुसला, फक्त वरची धूळ. काळं तसंच ठेवलं.